आधीच धरून ठेवलेली जागा

सावंतवाडीहून जुन्या रस्त्याने कुडाळकडे निघाले की आकेरी लागते. रामेश्वराचे जुने देऊळ, माडा-पोफळीच्या बागा, चिऱ्यांचे गडगे. तळकोकणातल्या माणसाला हे गाव पूर्वीपासून ठाऊक होते. बाकीच्या महाराष्ट्राला ते २०१६ नंतर कळले, कारण झी मराठीवरच्या 'रात्रीस खेळ चाले' या मालिकेतला नाईकांचा वाडा तिथला. मुंबई-पुण्याच्या गाड्या वाड्यापाशी थांबू लागल्या. २०१९ च्या जानेवारीत मालिकेचे दुसरे पर्व सुरू झाले, त्यात शेवंता आली, आणि वाडा बघायला येणाऱ्यांच्या तोंडी वाड्याचे मालक अण्णा नाईक यांच्या जोडीने तिचेही नाव कायमचे बसले. बाजारात, एसटीत, लग्नाच्या मांडवात शेवंताचा विषय निघाला नाही असा दिवस त्या वर्षी मला आठवत नाही.

नवे पात्र आले आणि लोकांनी उचलून धरले, की मालिकावाले म्हणतात, 'क्लिक झालं'. का झालं, याची उत्तरेही ठरलेली असतात. चेहरा, अभिनय, साडी, केसातला गजरा, दणकेबाज प्रोमो. यातले काहीच खोटे नाही. अपूर्वा नेमळेकर यांनी शेवंता ज्या तब्येतीने उभी केली ती विसरण्यासारखी नाहीच. पण देखणे चेहरे मालिकांमध्ये दर महिन्याला येतात आणि प्रोमोही सगळ्यांचेच दणक्यात होतात, तरी त्यातली बहुतेक पात्रे पुढच्या महिन्यात कुणाला आठवत नाहीत. माझ्या लहानपणी जत्रेतल्या नाटकाला पुढची जागा मिळावी म्हणून आम्ही पोरे तिन्हीसांजेलाच मांडासमोर, म्हणजे खेळ होतो त्या जागेसमोर, गोणपाट टाकून यायचो. नाटक मध्यरात्री, पण जागा संध्याकाळपासून धरलेली. मला वाटते, लाडक्या होणाऱ्या पात्रासाठी प्रेक्षकाने असेच गोणपाट टाकून ठेवलेले असते. ते कोणी टाकले आणि केव्हा, हे बघायचे तर टीव्हीच्या बरेच मागे जावे लागते.

तळकोकणात दशावताराचा, म्हणजे जत्रेत रात्रभर चालणाऱ्या या नाटकांचा, हंगाम कार्तिकात, त्रिपुरी पौर्णिमेच्या आगेमागे सुरू होतो आणि पाऊस जवळ येईपर्यंत चालतो. सोनुर्लीच्या माऊलीची लोटांगणाची जत्रा झाली, की एकेका गावच्या देवळाची पाळी येते आणि नाटक कंपन्यांना रात्री पुरत नाहीत. वालावलकर, मोचेमाडकर, आजगावकर, पार्सेकर, आरोलकर, खानोलकर, नेरूरचे कलेश्वर. ही नावे आमच्याकडे घरातल्या माणसांसारखी घेतली जातात. पूर्वी हे नट देवाच्या गणपतीचा आणि कपड्यांचा पेटारा डोक्यावर घेऊन गावोगाव चालत जायचे. पालखीची प्रदक्षिणा झाली, की पायपेटी, मृदंग आणि झांज सुरू होते. नेपथ्य म्हणून एक लाकडी बाकडे. इंद्र बसला तर ते सिंहासन, शंकर बसला तर कैलास, आणि वनवासातली राणी त्याच्यावर डोके ठेवून रडली तर रानातला दगड. पहाटे दहीकाला होतो तोपर्यंत त्या एका बाकड्यावर तिन्ही लोक होऊन जातात.

संहिता मात्र नसते. नट चेहरा रंगवायला बसल्यावर आजचे आख्यान कोणते आणि कुणाचा पार्ट कोणता हे ठरते. पुढचे सगळे संवाद नटाच्या डोक्यात आणि समोरच्या माणसांच्या तोंडावर अवलंबून. राजापार्टी आहे, स्त्रीपार्टी आहे (साडी नेसलेला पुरुषच), राक्षस आहे, नारद आहे. ही खाती ठरलेली. त्यात आज कोण भरणार, एवढाच प्रश्न.

मुख्य आख्यानाआधी आडदशावतार होतो. गणपती येतो, ऋद्धी-सिद्धी येतात, भटजी पूजा सांगतो, सरस्वती येते, ब्रह्मदेव येतो. हे सगळे पवित्र, सावकाश, आणि दरवर्षी तेच. पोरे आईच्या मांडीवर पेंगायला लागतात. आणि मग शंखासुर येतो.

काळा अंगरखा, डोक्यावरून चेहऱ्यावर ओढलेला काळा बुरखा, त्यावर पांढऱ्या रेघांचे डोळे, बाहेर लोंबणारी लाल जीभ. वेद चोरणारा राक्षस. थोड्या वेळाने विष्णू त्याला मारणार, हे चार वर्षांच्या पोरालाही माहीत. पण तो आला की अख्खा मांड उठून बसतो. पेंगणारी पोरे जागी होतात, चहाच्या आणि खाजाच्या दुकानांकडे गेलेले पुरुष धावत परत येतात. कारण आतापर्यंतचे देव पुस्तकी मराठी बोलत होते आणि शंखासुर मालवणीत बोलतो. तो भटजीची फिरकी घेतो. गावचा रस्ता, बांगड्याचा भाव, मुंबईहून येऊन मोठेपणा करणारा पाहुणा, मानकऱ्यांचे आपसातले रुसवे, सगळे त्याच्या बोलण्यात येते. त्या रात्री हशा वाढला तर त्याचा पार्ट लांबतो, लोक गार असतील तर विष्णू लवकर येतो.

मालिकांतले नवे पात्र लाडके का होते हे समजून घ्यायला मला शंखासुराइतके उपयोगी काही सापडलेले नाही. तो उशिरा येतो. येण्याआधी त्याचे नाव ठाऊक असते. मांडावर आधीपासून असलेल्या सगळ्यांना आपापल्या पदाची मर्यादा आहे, गणपतीला थट्टा करता येत नाही आणि सरस्वतीला भांडता येत नाही. त्याला ते करता येते. तो प्रेक्षकाच्या घरची भाषा बोलतो. आणि तो जाणार आहे हे सर्वांना माहीत असल्यामुळे त्याचा एकेक मिनिट मोलाचा होतो. दुष्ट असणे या कशाच्याही आड येत नाही. राक्षस आहे म्हणून शंखासुरावर कुणी कमी जीव टाकलेला मी पाहिलेला नाही.

तळकोकण म्हणजे सगळे कोकण नव्हे, हेही इथेच सांगते. रत्नागिरीकडे नमन-खेळे हा लोकनाट्याचा प्रकार आहे, आणि तिथे हीच जागा गौळणीतल्या मावशीला मिळते. राधा आणि गौळणी मथुरेच्या बाजाराला निघतात तेव्हा त्यांच्याबरोबर ही थोराड मावशी असते, पुरुषाने केलेली. कृष्णाला आडवे प्रश्न विचारणारी तीच. देव आहे म्हणून ती त्याला सोडत नाही. शिमग्यात गुहागर-दापोलीकडे संकासुर दारोदार फिरतो, कमरेला घुंगरांचा पट्टा आणि डोक्यावर उंच टोपी. मुले त्याला बघून किंचाळत घरात पळतात आणि तो पुढच्या वाडीला निघाला की त्याच्याच मागे धावतात. भीती आणि ओढ एकाच पोटात असते, हे कोकणातल्या मुलाला शाळेत जायच्या आधीच कळलेले असते.

चाहते ही गोष्टही टीव्हीने आणलेली नाही. बाबी नालंग यांचा राजा बघायला लोक दोन-दोन डोंगर ओलांडून जात. बाबी कलिंगण यांचे नाव असेल तर आख्यान कोणते हे विचारायची गरज नसे. आता तर 'संयुक्त दशावतार' होतात, म्हणजे निरनिराळ्या कंपन्यांतले गाजलेले नट एका रात्रीपुरते एका मांडावर येतात. कुणासमोर कोण उभा राहणार याची चर्चा आठवडाभर आधी सुरू होते. सगळ्यांनाच ठाऊक असलेल्या गोष्टीत आज नवे काय घडेल, ही उत्सुकता त्यामागे असते. कोकणातला प्रेक्षक कथेसाठी जागा राहात नाही, तो पात्र कसे येते ते बघायला जागा राहतो.

दुसरा धागा भाषेचा आहे, आणि तो सांगताना मनाला लागते. मराठी नाटक-सिनेमात कोकणातला माणूस वर्षानुवर्षे घरगडी होता. मुंबईतल्या मध्यमवर्गीय घरात भांडी घासणारा, पाणी भरणारा, मालकाच्या हाकेला 'जी' म्हणणारा रामा. याला आधार होता हे खरे. रत्नागिरी जिल्ह्यातून (तेव्हा सिंधुदुर्ग त्यातच होता, तो १९८१ मध्ये वेगळा झाला) हजारो माणसे गिरण्यांत, गोदीत आणि घरकामाला मुंबईला गेली. पण गिरणीत साचा चालवणारा, संप करणारा, खोलीत पंधरा जणांची खानावळ चालवणारा कोकणी माणूस मंचावर क्वचित आला. आला तो रामा. त्याच्या मालवणीवर हसणारे प्रेक्षागृह आणि शंखासुराच्या मालवणीवर हसणारा मांड यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मांडावर आपण आपल्या भाषेत हसत असतो. प्रेक्षागृहात आपल्या भाषेला हसले जाते.

हे चित्र १९८० साली उलटले. गंगाराम गवाणकर यांचे 'वस्त्रहरण' रंगभूमीवर आले. गावातली मंडळी द्रौपदी वस्त्रहरणाचे नाटक बसवतात आणि तिथे काय काय होते, एवढीच गोष्ट. पण त्यात सरपंचापासून पडदा ओढणाऱ्यापर्यंत सगळे मालवणीत बोलत होते, आणि मच्छिंद्र कांबळी यांचा तात्या सरपंच त्या सगळ्यांना आपल्या आवाजात बांधून ठेवत होता. पुढे त्याचे हजारो प्रयोग झाले, ते लंडनपर्यंत गेले. शिवाजी मंदिरात बसलेल्या चाकरमान्याला पहिल्यांदा असे वाटले, की मंचावरचा माणूस आपला आहे आणि तो मालक आहे. कांबळी २००७ साली गेले तेव्हा आमच्याकडे घरातले माणूस गेल्यासारखे झाले होते.

पण हे झाले नाटकात. टीव्हीवर ती जागा पुढे आणखी छत्तीस वर्षे मोकळी राहिली.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले. कोकणातल्या बहुतेक गावांत चित्र पोचायला पुढे बरीच वर्षे गेली. सह्याद्री आणि त्याचे फाटे मध्ये येतात, समुद्रकाठची गावे खोलगट भागात. आमच्या वाडीत एकच टीव्ही होता. त्याचा अँटेना उंच बांबूला बांधून माडाला टेकवलेला असायचा. वारा सुटला की एक मुलगा बाहेर जाऊन बांबू फिरवायचा आणि आतून सगळे ओरडायचे, 'आला, आला... गेला'. १९८७ मध्ये 'रामायण' सुरू झाले तेव्हा त्या एका खोलीत पन्नास माणसे मावत. आणि तिथेही मी हेच पाहिले. राम पहिल्या भागापासून समोर होता, पण म्हातारी माणसे विचारत, 'रावण केव्हा येणार?' दशावतारात रावणाचा पार्ट बघून त्यांचे डोळे तयार झालेले होते. अरविंद त्रिवेदी यांचा रावण पडद्यावर आला तेव्हा त्या खोलीत जी शांतता पसरली ती रामाच्या वाट्याला आली नव्हती.

मराठी मालिकांतही त्याआधी हे घडून गेले होते. दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळात 'चिमणराव' आली. चिं. वि. जोशी यांच्या पुस्तकांतून वाचकांना चिमणराव आणि गुंड्याभाऊ दोन पिढ्या आधीपासून माहीत होते. दिलीप प्रभावळकर यांचा चिमणराव लोकांना आवडलाच, पण बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ दारात उभा राहिला, की घराघरांतून दाद येई. भित्र्या भावाला सांभाळणारा धिप्पाड माणूस, त्याची वाट लोक वाचनातून बघत आले होते. नाव आधी आणि माणूस मागाहून, हा क्रम इथेही तसाच.

पुढची पंचवीस-तीस वर्षे मी भरभर ओलांडते. १५ ऑगस्ट १९९९ ला अल्फा मराठी आली, तीच पुढे झी मराठी झाली. २००० मध्ये ई टीव्ही मराठी, २००८ मध्ये स्टार प्रवाह. मालिका रोजच्या झाल्या. पण बहुतेक घरे मुंबई-पुण्याची, भाषा एका ठराविक पट्टीतली, आणि कोकण म्हणजे गणपतीत नाहीतर भूत दाखवायचे असेल तेव्हा लागणारी जागा.

बदलाचे एक कारण मोजणीत आहे. वाहिन्यांचा जीव ज्या टीआरपीवर, ती मोजणी पूर्वी शहरांपुरती होती. २०१५ साली प्रेक्षक मोजणाऱ्या बार्क या संस्थेची नवी व्यवस्था आली आणि त्याच ऑक्टोबरपासून खेड्यांतल्या घरांचे आकडेही दर गुरुवारी येऊ लागले. देवगडातल्या किंवा पाटणमधल्या ओटीवर संध्याकाळी काय लागते याला पहिल्यांदा किंमत आली. त्यानंतरच्या दोन वर्षांत बघा: २०१६ च्या फेब्रुवारीत आकेरीची 'रात्रीस खेळ चाले', त्याच वर्षी कोल्हापूरची 'तुझ्यात जीव रंगला', २०१७ मध्ये साताऱ्याकडची 'लागिरं झालं जी' आणि मालवणी गजालींची, म्हणजे गप्पांची, 'गाव गाता गजाली'. मोजणी हेच एक कारण होते असे मी म्हणणार नाही, पण गोरेगावच्या सेटवरून कॅमेरे गावाकडे निघाले ते याच सुमारास.

'रात्रीस खेळ चाले'चे पहिले पर्व सुरू होते तेच अण्णा नाईकांच्या मृत्यूने. मुले गावच्या वाड्यात जमतात आणि अघटित घडत जाते. आमच्या जिल्ह्यात यावर नाराजीही उमटली. कोकण म्हणजे भुताखेतांचा मुलूख अशी बदनामी होते, असे लोक म्हणत होते, आणि त्यांचे दुखणे खरे होते. देवचार, राखणदार, गाऱ्हाणे या गोष्टी आमच्याकडे श्रद्धेच्या आहेत, बाहेरच्याने त्या घाबरायला वापरल्या की खुपते. तरीही त्याच घरांत रात्री साडेदहाला टीव्ही लागत होता. कारण वाड्यातली माणसे ओळखीची होती. माजघरात कुढणारी अण्णांची बायको माई, हिश्शासाठी धुमसणारा दत्ता, मुंबईहून आलेला माधव. आणि घरगडी पांडू, प्रल्हाद कुडतरकर यांनी केलेला, जे मालिकेच्या लेखनातही होते.

पांडूचे 'इसरलंय' त्या वर्षी प्रत्येक शाळेत पोचले. गृहपाठ का केला नाही? इसरलंय. मला त्यात रामा गड्याची जुनी जागा दिसते, पण आतून पार बदललेली. पांडू गडीच आहे, तरी वाड्यातल्या सगळ्या गुपितांच्या कडेने तो फिरतो आणि नेमक्या वेळी विसरतो. घरातले मोठे जे बोलत नाहीत ते त्याच्या विसरण्यातून बाहेर पडते. त्याला हसणारे लोक त्याच्याच भाषेत हसत होते.

या सगळ्या पर्वभर अण्णा मेलेले असतात. पण वाड्यात त्यांच्याखेरीज विषय नसतो. त्यांचा धाक, त्यांची पापे, त्यांनी कुठे काय पुरले, त्यांचे बाहेरचे संबंध. त्यातच शेवंता हे नाव येते. आठ महिने प्रेक्षकांनी या दोघांबद्दल ऐकले. गोणपाट तेव्हा टाकले गेले.

म्हणून दुसऱ्या पर्वात काळ मागे गेला आणि माधव अभ्यंकर यांचे अण्णा जिवंत समोर आले, तेव्हा ते नवे पात्र असूनही जुने होते. त्या माणसाला बघायला लोक तीन वर्षे थांबले होते. शिवाय ते दुसरीही एक भूक भागवत होते. वाड्याचा मालक, ज्याच्यापुढे गाव चळचळा कापतो, तो मालवणीत बोलतो. तात्या सरपंचाने मंचावर जे मिळवून दिले ते टीव्हीवर अण्णांनी मिळवले, तेही खलपुरुष असून. अण्णा वाईट आहेत हे मालिका कुठेही लपवत नाही. लोकांनी त्यांना माफ केले असेही मला वाटत नाही. शंखासुराला तरी कोण माफ करते? तो मरायलाच हवा, पण त्याआधी त्याला बोलू द्या.

आणि शेवंता. पाटणकरांची बायको, गावात नव्याने आलेली, वाड्याकडे नजर लागलेली. कोकणातल्या प्रत्येक गावात अशी एखादी स्त्री असते जिचा उल्लेख बायका आवाज खाली आणून करतात. तिचे घर कुठे ते मुलांना माहीत असते, पण विचारायचे नसते. तिला कुणी तिच्या नावाने हाक मारत नाही, तिला काय हवे होते हे तर कुणी कधीच विचारत नाही. आमच्या पडवीत बसून मालिका बघणाऱ्या बायकांमध्ये त्या काळी मी बसत असे. माईवर अन्याय होतो म्हणून डोळ्यांना पदर लावणाऱ्या त्याच बायका शेवंता आली की पुढे सरकून बसत. एक वयस्क बाई एकदा म्हणाल्या, 'हिचाही काही असतलाच ना.' बाकीच्या गप्प झाल्या. ती माईच्या बाजूने बोलणारीच बाई होती.

माईला वाड्याची अब्रू आहे, त्यामुळे तिला सोसावे लागते. मालिकांतल्या बहुतेक नायिकांचे असेच असते, त्यांना चांगले राहण्याची सक्ती असते आणि रोज वीस-बावीस मिनिटे, आठवड्याचे पाच-सहा दिवस चांगले राहता राहता त्यांच्याकडे बोलायला काही उरत नाही. नव्याने येणाऱ्या पात्रावर ही सक्ती नसते. शेवंता मागते, रागावते, आरशासमोर उभी राहते, स्वप्ने बघते, फसवते आणि फसते. वाड्याला जे म्हणता येत नव्हते ते म्हणायला कुणीतरी यायचे होते. सरस्वतीनंतर शंखासुर यावा, तसे.

दशावतार आणि रोजची मालिका यांच्यात मला आणखी एक जुने नाते दिसते. सिनेमा एकदा झाला की झाला. मालिकेचे तसे नाही. आधीच चित्रित केलेल्या थोड्याच भागांची बँक हातात असते, बाकीचे लिहिणे आणि चित्रण चालूच. एखादे पात्र लोकांनी उचलले असे गुरुवारच्या आकड्यांत किंवा लोकांच्या बोलण्यात दिसले, की लेखकाची वनलाइन, म्हणजे पुढच्या कथेचा आराखडा, बदलते. पाहुणा म्हणून आणलेला माणूस घरात राहायला येतो. मांडावर हशा आला की शंखासुर लांबतो आणि विष्णू आत थांबतो, त्यातलाच हा प्रकार, फक्त एका रात्रीऐवजी दोन-तीन आठवड्यांचा. त्यामुळे लाडके पात्र हे निम्मे लेखकाचे आणि निम्मे बघणाऱ्याचे असते. बघणाऱ्याला ते जाणवते. आपण हिला मोठे केले, असे तो म्हणतो तेव्हा ते खरेच असते.

याच मोहात बरीच पात्रे फुकट जातात. आकडा घसरला की कुणाला तरी आणायचे. परदेशातून मैत्रीण, हरवलेला जुळा भाऊ, कधी न ऐकलेली मोठी जाऊ. पायापासून चेहऱ्यापर्यंत वर सरकणारा कॅमेरा, वाऱ्याचा पंखा, तीन वेळा तीच चाहूल. पण ज्या घरात ती येतात तिथे कुणी त्यांची आठवण काढलेली नसते, त्यांच्या नावाने कुणी दचकलेले नसते, त्यांच्या नसण्याने कुणाचे काही अडलेले नसते. अशा पात्राला प्रेक्षक जागा करून देत नाही, कारण त्याच्याकडे तशी जागाच नसते. तोही अवघडतो आणि पात्रही. लेखकांचा मला यात दोष वाटत नाही, त्यांना आठ महिने नुसते नाव पेरायला वेळ कोण देणार? आकेरीच्या वाड्याला तो वेळ मिळाला. पहिल्या पर्वाने पेरले आणि दुसऱ्याने कापले.

तिसरे पर्व २०२१ मध्ये आले. त्यात मध्येच शेवंताची भूमिका कृतिका तुळसकर यांच्याकडे गेली. शहरातल्या ओळखीच्या लोकांना हे पचवणे जड गेलेले मी पाहिले, त्यांच्यासाठी शेवंता म्हणजे एकच चेहरा होता. आमच्याकडेही तुलना झाली, जोरात झाली, पण तिचा सूर निराळा होता. पार्ट तोच, आता हिने कसा केला, असा. एकच द्रौपदी या कंपनीत कोण करतो आणि त्या कंपनीत कोण, यावर आयुष्यभर बोलत आलेली ही माणसे. त्यांच्या लेखी शेवंता तोवर खाते होऊन बसली होती, राजापार्ट, राक्षस, नारद यांच्या ओळीत.

येत्या कार्तिकातही पालखी फिरून आली की मांडावर बाकडे मांडले जाईल. गणपती येऊन जाईल, सरस्वती येऊन जाईल. आणि पुढच्या रांगेत गोणपाटावर बसलेले कुणीतरी शेजाऱ्याला विचारेल, 'आज शंखासुर कोण?'